बेळगावातून ऑनलाइन दुकान: सॉफ्टवेअर निवडण्याआधी काय ठरवायचं

बेळगावच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक दोन राज्यांत राहतं. चंदगडकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येतात, निपाणीचा माल कोल्हापूरच्या बाजारात जातो, खानापूरच्या पोरांची बिऱ्हाडं पुण्यात आणि गोव्यात आहेत. काउंटरवर बसून याचा हिशेब करावा लागत नाही. वेबसाइट सुरू केली की मात्र सीमा थेट बिलावर उतरते. कर कुठला लावायचा, पार्सल किती दिवसांत पोचेल, पान कोणत्या भाषेत उघडेल, हे सगळं गिऱ्हाईक सीमेच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या दुकानासाठी लिहिलेला सल्ला आपल्याकडं जसाच्या तसा लागू पडत नाही.

नवीन दुकान काढणारे बहुतेक जण आधी डिझाइन बघतात. पान देखणं हवंच, पण रंग आणि बॅनर कधीही बदलता येतात. कर, पत्ता आणि भाषा यांची मांडणी चुकली तर शे-दोनशे ऑर्डरी झाल्यावर ती निस्तरणं फार जिकिरीचं होतं. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरची निवड उशिरा येईल. तोवर एक वही जवळ ठेवा.

पायरी १: एका ऑर्डरचा प्रवास लिहून काढा

तुमचा सर्वांत जास्त खपणारा एक जिन्नस घ्या. तो गिऱ्हाइकाला दिसल्यापासून त्याच्या हातात पडेपर्यंत काय काय होतं, ते क्रमानं लिहा. फोटो कोण काढणार, शिल्लक माल कोण बघणार, पैसे कसे येणार, पॅकिंग कोण करणार, कुरिअरवाला किती वाजता येतो, माल परत आला तर कुठं ठेवायचा. हे लिहिता लिहिताच कळतं की प्रत्येक धंद्याची गरज वेगळी आहे.

कुंद्याचं दुकान असेल तर एकाच पदार्थाची पाव किलो, अर्धा किलो, किलो अशी पाकिटं हवीत, आणि टिकण्याचे दिवस बघून लांबच्या पिनकोडला ऑर्डर घेणं बंद ठेवता यायला हवं. शहापूर-वडगावची हातमागाची किंवा यंत्रमागाची साडी विकत असाल तर अडचण वेगळीच. कित्येक साड्या एकच नग असतात. तीच साडी दुकानात विकली गेली आणि साइटवर तशीच राहिली, तर पैसे भरलेल्या बाईला नाही म्हणावं लागतं. तिथं शिल्लक मालाची नोंद मोबाइलवरून चटकन कमी करता येणं, हीच सगळ्यात मोठी सोय. अथणी किंवा निपाणीच्या चपलांना नंबर आणि रंग असे दोन पर्याय एकत्र चालवावे लागतात, म्हणजे आठ नंबरची तपकिरी जोडी संपली तरी नऊ नंबरची चालू राहिली पाहिजे. खानापूरच्या मातीच्या भांड्यांना मात्र पर्याय कमी आणि पॅकिंगचा खर्च जास्त. त्यांच्या वजनाचा आणि फुटण्याचा विचार आधी करावा लागतो.

चपलेवरून एक सांगायला हवं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे, आणि त्यात बेळगाव जिल्हा आहे. आपल्या कारागिरानं हाती बनवलेली चप्पल ही दुसऱ्याची नक्कल नव्हे, तीही अस्सल कोल्हापुरीच. मानांकनाचं चिन्ह वापरायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केली असेल तर साइटवर ठळक दाखवा, कारण लांबच्या गिऱ्हाइकाला तुमच्या मालाची खात्री पटवणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात.

पायरी २: कराची मांडणी

हा भाग सावकाश वाचा. सीमाभागातल्या दुकानदाराचं खरं काम इथं आहे.

कर्नाटकात फक्त मालाचा व्यापार असेल तर साधारणपणे वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना यातून मर्यादित सूट आहे. तुमचा जिन्नस त्या यादीत बसतो का, हे आपल्या सीएला विचारून घ्या. कोल्हापूर आपल्याला शेजारगाव वाटतं, पण जीएसटीच्या लेखी तिथली ऑर्डर आणि दिल्लीची ऑर्डर सारखीच.

आपल्या पेठांमधले बरेच दुकानदार कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरायची योजना) आहेत. त्यांनी तर वेबसाइटवर एक रुपया घालण्याआधी थांबून हे वाचावं: कंपोझिशनमध्ये असताना राज्याबाहेर माल विकता येत नाही. साइटवर महाराष्ट्राचा पत्ता स्वीकारायचा असेल तर आधी नेहमीच्या नोंदणीत यावं लागेल. नाहीतर साइट फक्त कर्नाटकातल्या पत्त्यांपुरती चालवा. तशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते.

नोंदणी असेल तर बिलावरची विभागणी अशी. कर्नाटकात पोचणाऱ्या मालावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मा-निम्मा, राज्याबाहेर पोचणाऱ्या मालावर पूर्ण आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा). पाच टक्क्यांच्या जिन्नसावर एकीकडं अडीच अधिक अडीच, दुसरीकडं सरळ पाच. गिऱ्हाइकाला रक्कम तेवढीच भरायची असते, म्हणून चूक त्याच्या लक्षात येत नाही. ती महिन्याअखेरीला तुमच्या रिटर्नमध्ये सापडते.

आता प्रश्न असा की सॉफ्टवेअरनं राज्य कोणत्या पत्त्यावरून धरायचं? पुण्यात नोकरी करणारा मुलगा आपल्या कार्डानं पैसे भरतो आणि माल खानापूरला आईकडं पाठवतो. बिलाचा पत्ता पुण्याचा, माल पोचायचा पत्ता खानापूरचा. जीएसटीच्या जून २०२४ च्या परिपत्रकात याचा खुलासा झाला आहे: नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकानं ऑनलाइन मागवलेला माल जिथं पोचतो तो पत्ता धरायचा. म्हणजे या ऑर्डरीला सीजीएसटी आणि एसजीएसटी. म्हणून सॉफ्टवेअर बघताना पहिला प्रश्न हा विचारा: माल पोचवण्याच्या पत्त्यावरून कर काढता येतो का? वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये (त्याबद्दल पायरी ७ मध्ये) कराच्या सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. तिथं 'शिपिंग अॅड्रेस' निवडा.

वूकॉमर्समधला कराचा तक्ता भरताना कर्नाटकासाठी दोन ओळी करायच्या: सीजीएसटी अडीच टक्के, प्रायॉरिटी १, एसजीएसटी अडीच टक्के, प्रायॉरिटी २. उरलेल्या भारतासाठी एकच ओळ: आयजीएसटी पाच टक्के, प्रायॉरिटी १. दोन्ही कर्नाटकी ओळींना एकच प्रायॉरिटी दिली तर त्यातली एकच ओळ लागते आणि बिलावर निम्मा कर दिसतो. तयार साइट ताब्यात घेताना हे जरूर तपासा.

दर बदलता येणंही हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चपलेच्या जोडीला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. म्हणजे एकाच दुकानात दोन दर. प्रत्येक जिन्नसाला आपला दर लावता आला पाहिजे आणि पुन्हा दर बदलले तर सगळ्या मालाचा दर एका जागेवरून बदलता आला पाहिजे. किमती मात्र करासह दाखवा. आपलं गिऱ्हाईक छापील किमतीला सरावलेलं आहे. शेवटच्या पानावर रक्कम वाढली की ते ऑर्डर तिथंच सोडून देतं.

पायरी ३: पत्ता, पिनकोड आणि पार्सल

बेळगावचे पिनकोड ५९० आणि ५९१ नं सुरू होतात, कोल्हापूरकडचे ४१६ नं, गोव्याचे ४०३ नं. एवढ्या तीन आकड्यांवरून आपल्या जवळच्या गिऱ्हाइकांची विभागणी करता येते. त्यावर सरळ तीन पट्टे करा: जिल्ह्यातला, शेजारचा म्हणजे कोल्हापूर-सांगली-गोवा-धारवाड-कारवार, आणि बाकीचा देश. प्रत्येक पट्ट्याला वेगळा पोच-खर्च आणि वेगळी मुदत. वूकॉमर्समध्ये पट्टा ठरवताना '५९१' पुढं फुली (*) टाकली की त्या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पिनकोड त्यात येतात. शॉपिफाय या भाड्यानं मिळणाऱ्या सेवेत हे पट्टे राज्यावर चालतात. सबंध कर्नाटकाला एक दर ठेवायचा असेल तर ते पुरतं. बेळगाव शहराला वेगळा आणि बिदरला वेगळा दर हवा असेल तर बहुधा जादा अॅप जोडावं लागतं, आणि त्याचे पैसे दर महिन्याला जातात.

पत्त्याच्या अर्जातलं राज्य आधीच 'कर्नाटक' भरून येत असेल तर ते काढून टाका. शिनोळीचा माणूस रोज बेळगावात येतो, पत्ता लिहिताना 'ता. चंदगड' लिहितो आणि आधीच भरलेल्या राज्याच्या रकान्याकडं बघतही नाही. पार्सल पिनकोडवरून बरोबर पोचतं, पण कर चुकीचा लागतो. राज्याचा रकाना रिकामा ठेवून निवडायला लावणं किंवा पिनकोडवरून राज्य आपोआप भरणं, दोन्हीपैकी एक करा.

फोन नंबर सक्तीचा, ईमेल ऐच्छिक. गावाकडचं गिऱ्हाईक ईमेल देत नाही, दिला तरी बघत नाही. ईमेलशिवाय ऑर्डर पुढंच सरकत नाही अशी साइट आपल्या भागात चालवणं कठीण. खातं उघडायची आणि पासवर्ड ठेवायची सक्तीही नको. पत्त्यात 'जवळची खूण' हा रकाना घाला. गल्लीचं नाव आणि देवळाची खूण यांवरच कुरिअरचा पोरगा घर शोधतो.

पार्सलच्या वजनाचं गणित बहुतेक नवख्यांना ठाऊक नसतं. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन असं काढतात: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० नं भागायचं. समजा चपलेचा खोका ३२ बाय २० बाय १२. गुणाकार ७६८०, भागाकार दीड किलोच्या थोडा वर. जोडीचं खरं वजन पाऊण किलो असलं तरी पैसे दीड किलोच्या वरचे जातात. म्हणून प्रत्येक जिन्नसाला वजनासोबत खोक्याची मापंही भरता येतील असंच सॉफ्टवेअर घ्या, आणि पोच-खर्च ठरवण्याआधी खोका लहान करता येतो का ते बघा. साडीला खोका लागतच नाही. पाणी न झिरपणारं पाकीट पुरतं.

शिपरॉकेटसारख्या सेवा अनेक कुरिअर एकत्र दाखवतात आणि साइटला जोडता येतात. दिवसाला दोन-चार ऑर्डरी असतील तर पोस्टाचं स्पीड पोस्ट पुरेसं आहे, आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जिथं खाजगी कुरिअर जायला कंटाळतं, तिथं पोस्टच पोचतं. कोणतीही सेवा घ्या, पार्सलचा क्रमांक गिऱ्हाइकाला एसएमएसनं किंवा व्हॉट्सअॅपवर आपोआप गेला पाहिजे. नाहीतर दिवसभर 'माझं पार्सल कुठं पोचलं ओ?' याच फोनला उत्तर देत बसाल.

पायरी ४: भाषा

मराठी, कन्नड आणि इंग्रजी. बेळगावात दुकान चालवणाऱ्याला तिन्ही लागतात आणि तिन्हीतली गिऱ्हाइकं आपलीच आहेत. तरी तिन्ही भाषा पहिल्याच दिवशी नकोत. अर्धवट भाषांतर झालेलं पान गिऱ्हाइकाला संशयात टाकतं. जी भाषा तुम्ही स्वतः नीट लिहू शकता तिच्यात सुरुवात करा, पण सॉफ्टवेअर असं घ्या की उद्या दुसरी भाषा जोडताना पुन्हा सगळा माल भरावा लागणार नाही. आणि भाषांतर शेवटपर्यंत जातं का ते बघा. पुष्कळदा मुख्य पान मराठीत असतं, पण पैसे भरायच्या पानावर सगळी बटणं इंग्रजीत. पैसे भरताना बटणावरचं अक्षर कळलं नाही की माणूस मागं फिरतो. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर, वूकॉमर्स त्यावरच चालतं) पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखी जोडणी मिळते. दुकानाच्या पानांसाठी बहुधा पैसे मोजावे लागतात. कन्नड मजकूर कन्नड उत्तम येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, यंत्राच्या भरवशावर सोडू नका. तो वाचणारा शेजारी आहे, त्याला कसंतरी लिहिलेलं देऊ नये.

छापखान्यातून जुनी माहितीपत्रकं आणली असतील तर त्यातला मजकूर सरळ साइटवर चिकटवता येणार नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तिथं उमटला की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. तो युनिकोडमध्ये (सगळ्या मोबाइल-संगणकांवर सारखी उमटणारी अक्षरपद्धत) बदलून घ्यावा लागतो. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा, दोन्ही फुकट आहेत आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

शोधाच्या चौकटीत मात्र लोक मराठी कमीच लिहितात. मोबाइलवर 'कोल्हापुरी', 'चप्पल', 'कुंदा' हे शब्द इंग्रजी लिपीत, हव्या त्या स्पेलिंगनं टाइप होतात. म्हणून प्रत्येक जिन्नसाच्या वर्णनात शेवटच्या ओळीत ही प्रचलित स्पेलिंगं लिहून ठेवा. एवढ्यानं शोध बराच सुधारतो.

पायरी ५: पैसे घेणं

ऑनलाइन पैशासाठी गेटवे लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा. रेझरपे, कॅशफ्री, पेयू ही परिचित नावं. दर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १२०० रुपयांच्या ऑर्डरीवर २४ रुपये शुल्क, त्यावर ४ रुपये ३२ पैसे कर. किंमत ठरवतानाच हे धरा. पैसे त्याच दिवशी खात्यात येत नाहीत, दोन-तीन कामाचे दिवस जातात. रोजच्या खरेदीवर चालणाऱ्या दुकानानं याचा विचार आधी करावा. युपीआय सगळ्यात वर दिसलं पाहिजे, कारण भाजीवाल्यापासून सगळ्यांना त्याची सवय झाली आहे.

गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर आपल्या साइटवर साठवायचा नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना तशी मनाईच केली आहे. कार्डाची माहिती गेटवेच्या पानावरच भरली जावी. कोणी तुम्हाला 'आपल्याकडंच नंबर ठेवू' म्हणाला तर त्याला काम देऊ नका.

पोचल्यावर पैसे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, याचा मोह पडतो आणि आपल्या भागात ते मागणारेही पुष्कळ. पण पार्सल नाकारलं गेलं तर जाण्याचा आणि येण्याचा असा दोन्ही खर्च तुमच्या अंगावर. माझा सल्ला: सुरुवातीला ही सोय फक्त ५९० आणि ५९१ च्या पट्ट्याला द्या, जिथं तुम्ही स्वतः फोन करून खात्री करू शकता. वूकॉमर्समध्ये ती ठरावीक पोच-पद्धतींपुरती मर्यादित ठेवता येते. कुंद्यासारख्या नाशवंत मालाला तर देऊच नका; परत आलेला कुंदा टाकूनच द्यावा लागतो.

पायरी ६: कायद्यानं लागणारी पानं

थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाचं नोंदणीकृत नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं. लहान दुकानात तो अधिकारी म्हणजे मालकच. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. परतावा, पोच, गोपनीयता आणि अटी यांची वेगवेगळी पानं गेटवेवालेही मागतात. ती नसली तर खातं मंजूर होत नाही. पाकीटबंद मालाला छापील किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश हे साइटवर दाखवावं लागतं. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक. कोणता परवाना लागेल हे ऑनलाइन विक्री सुरू करण्याआधी विचारून घ्या.

पायरी ७: आता सॉफ्टवेअर

वहीत गरजा लिहून झाल्या की निवड बरीच सोपी होते.

महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरीच येतील असं वाटत असेल तर वेबसाइटची घाई नको. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये मालाची यादी फोटो आणि किमतीसह फुकट ठेवता येते, गिऱ्हाईक त्यातूनच निवडून निरोप पाठवतं. कर आणि बिल तुम्हाला हातानं करावं लागेल, पण कोणता माल बाहेर खपतो हे खर्च न करता कळेल. घरून चटणी-पापड करणाऱ्या बायकांच्या बचत गटांना मी कायम इथूनच सुरुवात करायला सांगतो.

त्यापुढं दोन वाटा आहेत. पहिली भाड्याच्या गाळ्यासारखी: शॉपिफाय, झोहो कॉमर्स, इन्स्टामोजो यांसारख्या सेवा. महिना किंवा वर्षाचे पैसे भरा. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट हे सगळं त्यांच्याकडं. संगणकाचा फारसा संबंध नसलेला माणूस पंधरा दिवसांत दुकान उघडू शकतो. शॉपिफायची पानं वेगानं उघडतात आणि ती चालवायला सोपी आहे. मात्र तिची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. बाहेरचा गेटवे जोडला की गेटवेच्या शुल्काशिवाय शॉपिफायचंही व्यवहारामागं शुल्क पडतं. थोड्या नफ्यावर चालणाऱ्या मालाला हे जड जातं. झोहो कॉमर्स चेन्नईच्या कंपनीचं, भारतीय जीएसटी धरून बनवलेलं. झोहोचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आधीच वापरत असाल तर ते जुळतं.

दुसरी वाट वर्डप्रेसवर वूकॉमर्स. हे २०११ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, सॉफ्टवेअर फुकट. होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), डोमेन (साइटचा पत्ता) आणि काही जोडण्यांचे पैसे लागतात. कर, पट्टे आणि भाषा हवे तसे मांडता येतात, म्हणून सीमाभागातल्या दुकानाला ते बारकाईनं बसवता येतं. पण अपडेट, बॅकअप आणि सुरक्षा तुमच्या अंगावर येतात. महिन्यातून एकदा बसून हे करणारा कोणी घरात किंवा ओळखीत नसेल तर या वाटेला जाऊ नका. होस्टिंग घेताना सर्व्हर भारतात आहे का विचारा आणि पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराकडं न बघता नूतनीकरणाचा दर बघा; तो बराच जास्त असतो. एरवी विकत मिळणारी थीम (पानांचा तयार साचा) कुणी फुकटात दिली तर ती कधीच लावू नका, तिच्यातून साइटमध्ये घातक कोड शिरू शकतो.

मॅजेंटोचं नाव कानावर येईल. ते मोठ्या व्यापारासाठी आहे, सांभाळायला जाणकार माणसं पगारावर ठेवावी लागतात. ओपनकार्ट आणि प्रेस्टाशॉप वाईट नाहीत, पण त्यांत मुरलेली माणसं आपल्याकडं कमी सापडतात. वूकॉमर्स येणारं पोरगं टिळकवाडीत किंवा शहापुरात मिळून जाईल. अडचणीच्या दिवशी हाकेच्या अंतरावर माणूस असणं, याला मी सोयींच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त किंमत देतो.

माझं मत विचाराल तर: माल थोडा, नफा बरा आणि वेळ कमी असेल तर भाड्याची वाट; तीन भाषा, पिनकोडनुसार दर, दोन-तीन कराचे दर असतील आणि जवळ जाणकार असेल तर वूकॉमर्स. दोन्हीकडं एक अट सारखी ठेवा: माल, गिऱ्हाइकं आणि ऑर्डरी यांची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशी उतरवून घेता आली पाहिजे. टॅलीत नोंदी करायलाही तीच लागते आणि उद्या दुसरीकडं जायचं तर तीच कामाला येते.

पायरी ८: करून घेताना मालकी स्वतःकडं ठेवा

साइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तर डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर नोंदवा. होस्टिंग आणि गेटवेची खातीही तशीच. बनवणाऱ्याला त्यात काम करण्यापुरता प्रवेश द्या. हे आग्रहानं सांगतो, कारण दुकानाचं नाव बनवणाऱ्याच्या खात्यात अडकलं आणि पुढं त्याचं-तुमचं बिनसलं तर वर्षानुवर्षं कमावलेलं नाव सोडून नवं घ्यावं लागतं. '.भारत' हे देवनागरी डोमेनही मिळतं, मराठी नाव त्यात घेता येतं. पण फोनवर पत्ता सांगताना लोक इंग्रजी अक्षरं टाइप करतात, म्हणून मुख्य पत्ता '.इन' किंवा '.कॉम'च्या इंग्रजी रूपात ठेवा.

काम ठरवताना फोटोंचं वजन कागदावर लिहून घ्या. एक फोटो दोनशे केबीच्या आत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क क्षीण असतं. तिथं मोठ्या फोटोंचं पान उघडतच नाही.

पायरी ९: उघडण्याआधीच्या ऑर्डरी

गेटवेच्या चाचणी पद्धतीत खोटे पैसे भरून ऑर्डर देता येते. निदान एवढ्या ऑर्डरी द्या: टिळकवाडीचा पत्ता, चंदगडचा पत्ता, पुण्याचं बिल आणि खानापूरची पोच, पणजीचा पत्ता. प्रत्येकाचं बिल छापून सीएला दाखवा. मग २५०० च्या वरची आणि खालची चप्पल एकाच ऑर्डरीत घाला आणि दोन दर वेगळे लागतात का बघा. एकच नग उरलेली साडी दोन मोबाइलवरून एकाच वेळी घ्यायचा प्रयत्न करा. पैसे भरता भरता नेट बंद करा आणि ऑर्डर कोणत्या अवस्थेत राहते ते पाहा; पैसे गेले पण ऑर्डर दिसत नाही, ही तक्रार सुरुवातीला सर्वांत जास्त येते.

यानंतर खरे पैसे भरून एक लहान ऑर्डर द्या आणि ती रद्द करून परतावा करा. पैसे किती दिवसांनी परत आले ते वहीत लिहा आणि परताव्याच्या पानावर तीच मुदत घाला. शेवटी घरातल्या एखाद्या मावशीच्या हातात मोबाइल द्या, काही न सांगता तिला एक जिन्नस मागवायला सांगा आणि ती कुठं अडखळते ते शेजारी बसून नुसतं बघा. ती जिथं थांबेल ते पान दुरुस्त झाल्यावर साइट लोकांसाठी खुली करा.